गुडघ्याचे रोपण आणि सुन्नतेचे औषध : समजून घ्यावे असे काही

आपल्या घराघरांतून गुडघेदुखी ही म्हातारपणाबरोबर येणारच, असे गृहीत धरले जाते. ज्यांनी उभे आयुष्य शेतात वाकून, डोक्यावर ओझे वाहून किंवा मांडी घालून विड्या वळण्यात घालविले, त्या आयाबायांचे गुडघे साठीच्या आत झिजलेले असतात. पूर्वी यावर तेल चोळणे आणि काठी धरणे एवढाच इलाज होता. आज मात्र झिजलेला सांधा काढून त्या जागी धातूचा व प्लॅस्टिकचा सांधा बसविण्याची शस्त्रक्रिया जिल्ह्याच्या गावीही होऊ लागली आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची कमाल किंमत त्या वेळी कर सोडून ५४,७२० रुपये ठरली. तेव्हापासून सामान्य नोकरदार कुटुंबेही या शस्त्रक्रियेचा विचार करू लागली. लोक याला 'वाटी बदलणे' म्हणतात. प्रत्यक्षात मांडीच्या हाडाचे खालचे टोक व नडगीच्या हाडाचे वरचे टोक कापून तेथे नवे पृष्ठभाग बसविले जातात. म्हणजे हाड कापले जाते, आणि हाड कापले की दुखते.

हे दुखणे कमी ठेवण्यासाठी सुन्न करणारी औषधे वापरतात. त्यांच्याविषयी आपल्या लोकांत दोन टोकाच्या समजुती आहेत. एक म्हणजे, 'पाठीत सुई घेतली की माणूस कायमचा लुळा पडतो.' दुसरी म्हणजे, 'हल्ली इंजेक्शन देतात, काही दुखत नाही.' या दोन्हींमुळे नुकसान होते, हे आम्ही स्वतःच्या घरी पाहिले. आम्ही कलाशाखेचे पदवीधर, बँकेतील कारकून. वैद्यकशास्त्र हा आमचा विषय नव्हे. तथापि जे शिकावे लागले ते इतरांच्या उपयोगी पडावे, या हेतूने हा लेख लिहीत आहोत. डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा तो घेऊ शकत नाही, हे आधीच नमूद करतो.

आमच्या घरातील प्रसंग

आमच्या आईच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया एका सोमवारी सकाळी झाली. कंबरेखाली भूल दिली होती, शिवाय जांघेजवळ मांडीच्या चेतातंतूला सुन्न करणारे इंजेक्शन दिले होते. सायंकाळी आई हसत होती. नातेवाईक भेटून गेले, सर्वांना तिने सांगितले की काहीच दुखत नाही. रात्री आमचा डोळा लागला आणि आई कोणाला न उठविता लघवीला निघाली. पहिलेच पाऊल टाकताना पाय दुमडला. शेजारच्या खाटेवरील रुग्णाच्या मुलीने धावत येऊन धरले, म्हणून नवा गुडघा वाचला, मनगटावर निभावले. आम्ही रागावलो, तेव्हा आई म्हणाली, "मले काई दुखतच नोतं, म्हनून उठली मी. मले वाटलं, पाय बरा झाला."

दुखत नाही याचा अर्थ पायात बळ आहे असा नव्हे, हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते आणि आम्हीही विचारले नव्हते.

मंगळवारी दुपारनंतर औषधाचा अंमल उतरला. रात्री दोन वाजता आई भिंतीकडे तोंड करून पदर दातांत धरून पडलेली होती. वेदनेची गोळी कागदावर 'लागल्यास' अशी लिहिली होती. आई मागत नव्हती, म्हणून कोणी देत नव्हते. पुढचे तीन दिवस तिने गुडघा वाकवू दिला नाही. त्यामुळे व्यायाम मागे पडला, डिस्चार्ज लांबला आणि डाव्या गुडघ्याचे नाव काढले की ती हात जोडू लागली. दीड वर्ष हे असेच चालले. डावा पाय दिवसेंदिवस वाकडा होत होता आणि त्यामुळे केलेल्या उजव्या पायावरही भार येत होता. तेव्हा ही औषधे म्हणजे नेमके काय, ती किती सुरक्षित आणि किती गुणकारी, हे जाणून घेणे आम्हांला भाग पडले.

ही औषधे काय करतात?

शरीराच्या कोणत्याही भागातील वेदना चेतातंतूंमधून मेंदूकडे जाते. चेतातंतूच्या आवरणात सूक्ष्म दारे असतात. त्यांतून सोडियमचे कण आत शिरले की संदेश पुढे सरकतो. सुन्न करणारे औषध ही दारे काही तास बंद ठेवते. गुडघ्यातील जखम तेथेच असते, पण तिची वार्ता मेंदूला पोचत नाही. औषध रक्तावाटे हळूहळू वाहून गेले की दारे पुन्हा उघडतात. म्हणूनच हा परिणाम तात्पुरता असतो.

या शोधाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १८८४ मध्ये व्हिएन्नातील तरुण डॉक्टर कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा सुन्न होतो हे दाखविले. १८९८ मध्ये जर्मनीतील ऑगस्ट बीअर यांनी पाठीच्या मणक्यांमधून कोकेन देऊन पायाची शस्त्रक्रिया केली, आणि मग तो प्रयोग स्वतःवर व आपल्या सहाय्यकावर करून पाहिला. त्यानंतर दोघांनाही डोकेदुखीचा त्रास झाला. परंतु कोकेनचे व्यसन लागते आणि ते हृदयालाही घातक. म्हणून पर्याय शोधले गेले. १९४३ मध्ये स्वीडनच्या निल्स लोफग्रेन यांनी लिग्नोकेन तयार केले. दाताच्या दवाखान्यात आपण 'झायलोकेन' नावाने ऐकतो ते हेच. १९५७ मध्ये स्वीडनमध्येच जास्त काळ टिकणारे बुपिव्हाकेन तयार झाले आणि १९९६ च्या सुमारास रोपिव्हाकेन वापरात आले. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत मुख्यतः शेवटची दोन वापरली जातात.

औषध कोठे कोठे देतात?

एकच औषध निरनिराळ्या ठिकाणी दिले असता परिणाम निराळा होतो.

पहिली जागा पाठीतील. मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात अगदी थोडे, म्हणजे १० ते १५ मिलिग्रॅम बुपिव्हाकेन दिले की दोन्ही पाय सुन्न होतात. ही भूल शस्त्रक्रियेपुरती असून काही तासांत उतरते. या सुईने कायमची पाठदुखी लागते असे अभ्यासांत आढळलेले नाही. सुईच्या जागी काही दिवस ठणका मात्र राहू शकतो. पाठीत बारीक नळी ठेवून औषध चालू ठेवण्याचीही पद्धत आहे. तिने दुखणे चांगले थांबते, परंतु रक्तदाब उतरतो, लघवी अडते आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर मणक्यात रक्तस्राव होण्याचा धोका असतो. म्हणून गुडघ्यासाठी ही नळी आता पूर्वीइतकी वापरत नाहीत.

दुसरी जागा जांघेतील. तेथील मोठ्या चेतातंतूला औषध दिले की गुडघ्याची पुढची बाजू सुन्न होते. पण हाच तंतू मांडीच्या पुढच्या स्नायूला चालवितो. उभे राहताना गुडघा ताठ धरणारा स्नायू तोच. तो ढिला पडला की पाय दुमडतो. आमच्या आईचे तेच झाले.

तिसरी जागा मांडीच्या मधल्या भागात आतील बाजूस आहे. येथे स्नायूला जाणारे बरेचसे तंतू आधीच निघून गेलेले असतात आणि मुख्यतः संवेदना नेणारे तंतू उरतात. त्यामुळे दुखणे कमी होऊनही स्नायूचे बळ पुष्कळसे टिकते. सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहून सुई नेमक्या जागी नेता येऊ लागल्यापासून ही पद्धत रुळली आहे.

चौथी जागा म्हणजे प्रत्यक्ष गुडघा. शस्त्रक्रिया चालू असतानाच शल्यचिकित्सक सांध्याभोवतीच्या मांसात सौम्य केलेले औषध थोडे थोडे टोचतात. ऑस्ट्रेलियातील सिडनीच्या केर व कोहान या डॉक्टरांनी ही पद्धत नीट बसविली आणि २००८ मध्ये ३२५ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. ते रोपिव्हाकेनमध्ये सूज उतरविणारे किटोरोलॅक आणि रक्तवाहिन्या आकसविणारे ॲड्रिनॅलिन मिसळत. ॲड्रिनॅलिनमुळे औषध रक्तात सावकाश शिरते व जागेवर जास्त वेळ राहते.

गुण किती येतो?

या औषधांचे खरे काम पहिल्या एक-दोन दिवसांतले आहे. एकदाच दिलेल्या इंजेक्शनचा गुण साधारणतः अर्धा ते एक दिवस टिकतो. दुखणे सर्वांत जास्त असते ते याच काळात आणि उठून चालायला लावतात तेही याच काळात. दुखणे आटोक्यात असले की मॉर्फिनसारखी औषधे कमी लागतात. त्यामुळे मळमळ, गुंगी, बद्धकोष्ठ टळते. रुग्ण लवकर चालला की पायात रक्ताची गाठ होण्याचा धोकाही कमी होतो.

युरोपातील तज्ज्ञांच्या 'प्रॉस्पेक्ट' या गटाने २०२२ मध्ये गुडघा रोपणासाठी शिफारशी प्रसिद्ध केल्या. त्यांचे सार असे : पॅरासिटामॉल आणि सूज उतरविणारे औषध ठरल्या वेळी नियमित द्यावे, मांडीच्या मधल्या भागात एक इंजेक्शन आणि सांध्याभोवती औषध टोचणे या दोन्हींचा मेळ घालावा, शिवेतून डेक्सामेथासोनचा एक डोस द्यावा आणि मॉर्फिनच्या जातीची औषधे एवढ्याने न भागल्यासच द्यावीत. म्हणजे एका इंजेक्शनवर सारा भार टाकू नये, चार सौम्य उपाय एकत्र करावेत.

महाग तेच गुणकारी, या समजुतीचाही येथे विचार करावा. बुपिव्हाकेन चरबीच्या सूक्ष्म पुड्यांत भरून ते सावकाश सुटावे असे एक महागडे औषध अमेरिकेत २०११ मध्ये मंजूर झाले. इंग्लंडमध्ये ५३३ गुडघा-रुग्णांवर त्याची परीक्षा झाली. अर्ध्यांना साधे बुपिव्हाकेन आणि अर्ध्यांना त्यासोबत हे नवे औषध दिले. २०२२ मध्ये निष्कर्ष आला की रुग्णांच्या बरे होण्यात व दुखण्यात फरक पडला नाही. साधे स्वस्त औषध नीट जागी, नीट मात्रेत दिले तर ते पुरते.

धोका कोठे आहे?

ही औषधे लाखो लोकांना दिली जातात आणि बहुतेकांना काही होत नाही. परंतु मात्रा जास्त झाली किंवा चुकून रक्तवाहिनीत गेली, तर जी दारे चेतातंतूत बंद होतात तीच मेंदूत आणि हृदयातही बंद होऊ लागतात. आधी जीभ व ओठ बधिर वाटतात, तोंडात धातूसारखी चव येते, कानांत गुणगुण होते, भोवळ येते. पुढे झटके येतात आणि शेवटी हृदय थांबू शकते. कधी कधी आधीच्या खुणांवाचूनही झटका येतो. १९७९ मध्ये अमेरिकेतील डॉ. जॉर्ज ऑलब्राइट यांनी बुपिव्हाकेनने हृदय बंद पडण्याच्या घटनांकडे लक्ष वेधले, तेव्हापासून थोडे थोडे औषध देणे आणि प्रत्येक वेळी पिचकारी मागे ओढून रक्त येते का ते पाहणे हा शिरस्ता झाला. १९९८ मध्ये गाय वाइनबर्ग यांनी उंदरांवरील प्रयोगात दाखविले की शिवेतून चरबीचे दूध दिले असता या विषबाधेतून हृदय सावरते. २००६ मध्ये माणूस वाचल्याची पहिली नोंद प्रसिद्ध झाली. आज हे २० टक्क्यांचे चरबीयुक्त द्रावण अशी इंजेक्शने देणाऱ्या प्रत्येक ठिकाणी हाताशी असावे, असा दंडक मानला जातो.

मात्रेचा हिशेब आम्हांला विशेष पटला, कारण टक्केवारी आमच्या रोजच्या कामातली. एक टक्का द्रावण म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये १ ग्रॅम, अर्थात एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम. बुपिव्हाकेनची सर्वसाधारण मर्यादा दर किलो वजनामागे २ मिलिग्रॅम धरतात. ६० किलोच्या रुग्णाला १२० मिलिग्रॅम. अर्ध्या टक्क्याचे औषध असेल तर ही मर्यादा २४ मिलिलिटरला संपते आणि पाव टक्क्याचे असेल तर ४८ मिलिलिटरला. रोपिव्हाकेनची मर्यादा दर किलोमागे ३ मिलिग्रॅम, म्हणजे त्याच रुग्णाला १८० मिलिग्रॅम. परंतु खरी गोष्ट पुढेच आहे. पाठीत दिलेले, मांडीत दिलेले आणि गुडघ्यात टोचलेले औषध हे सर्व एकाच खात्यातून वजा होते. भूलतज्ज्ञाने एका जागी दिले आणि शल्यचिकित्सकाने दुसऱ्या जागी दिले, आणि दोघांनी बेरीज एकमेकांना सांगितली नाही, तर प्रत्येकाचा आकडा बरोबर असूनही एकूण चुकते. वय जास्त, वजन कमी, यकृत किंवा हृदय कमजोर असेल तर ही मर्यादा आणखी खाली आणावी लागते.

आणखी एक धोका कुपीच्या अदलाबदलीचा. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत रक्तस्राव कमी करण्यासाठी ट्रॅनेक्झामिक ॲसिड वापरतात. त्याची कुपी दिसायला भुलेच्या औषधासारखी असल्याने ते चुकून पाठीत दिले गेल्याच्या घटना जगभर घडल्या आणि त्यातून प्राणहानीही झाली. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने याविषयी इशारा दिला. दोन्ही कुप्या वेगवेगळ्या जागी ठेवणे आणि टोचण्यापूर्वी नाव मोठ्याने वाचणे, एवढ्या साध्या शिस्तीने हे टळते.

सुन्न करणारे औषध पंपाने दिवसेंदिवस सांध्यात सोडत राहिल्यास कूर्चा खराब होते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये दिला होता. बहुतेक घटना खांद्याच्या होत्या. संपूर्ण गुडघा बदलताना झिजलेली कूर्चा काढूनच टाकलेली असते, म्हणून ती भीती येथे तशी लागू पडत नाही.

शस्त्रक्रियेनंतर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाताच्या पंजाएवढी जागा बधिर राहते, हे अनेकांना घाबरविते. ते बहुधा इंजेक्शनमुळे होत नाही. कातडी कापताना तेथील बारीक तंतू कापला जातो, त्यामुळे होते. परंतु औषध उतरण्याची वेळ टळून गेल्यावरही पाऊल वर उचलता येत नसेल, तर मात्र थांबू नये. डॉक्टरांना लगेच सांगावे.

विचारण्याचे प्रश्न

डावा गुडघा करावयाचा की नाही हे ठरविण्यापूर्वी आम्ही आईला घेऊन एका भूलतज्ज्ञ बाईंना भेटलो. त्यांनी अर्धा तास दिला. त्यांच्याशी झालेल्या बोलण्यातून जे प्रश्न निघाले ते येथे देतो. प्रत्येक कुटुंबाने ते कागदावर लिहून न्यावेत.

१. इंजेक्शन कोठे देणार आणि त्याने पायाचे बळ किती तास कमी राहील?
२. गुण साधारण केव्हा उतरेल आणि त्याच्या आधी कोणती गोळी सुरू होईल? ती 'लागल्यास' न लिहिता ठरल्या वेळी देता येईल काय?
३. रुग्णाचे वजन आजच करून घेतले आहे काय? सर्व ठिकाणच्या औषधाची बेरीज कोण ठेवणार?
४. विषबाधा झाल्यास लागणारे चरबीचे द्रावण येथे आहे काय?
५. रक्त पातळ करणाऱ्या, हृदयाच्या, मधुमेहाच्या कोणत्या गोळ्या केव्हा बंद करावयाच्या? मूत्रपिंड कमजोर असल्यास सूज उतरविणारी गोळी चालेल काय?
६. पूर्वी भुलेच्या वेळी काही त्रास झाला होता, तो नोंदविला आहे काय?

प्रश्न विचारले तर डॉक्टरसाहेब रागावतील, ही धास्ती आपल्यापैकी अनेकांना असते. आम्हांलाही होती. बाई रागावल्या नाहीत. उलट आईला म्हणाल्या, "मावशी, दुखलं की सांगायचं. तुम्ही सांगितल्याशिवाय आम्हांला कळत नाही." आईने आयुष्यभर उलटे ऐकले होते. सोसते ती चांगली बाई, हेच तिच्या कानावर पडत आले होते. हा सोशिकपणा शस्त्रक्रियेनंतर कामाचा नाही. दुखण्याला भिऊन गुडघा न वाकविणाऱ्या रुग्णाचा सांधा आखडतो आणि झालेला खर्च व भोगलेला त्रास अर्धा वाया जातो.

गेल्या वर्षी डावा गुडघा झाला. या वेळी औषध मांडीच्या मधल्या भागात आणि सांध्याभोवती दिले. गोळ्यांच्या वेळा आम्ही वहीत लिहिल्या. रात्री आळीपाळीने एकजण जागा राहिला आणि खाटेला घंटी बांधली. दुखले नाही असे नव्हे. दुसऱ्या रात्री बरेच दुखले. पण आईने घंटी वाजविली, सिस्टर आल्या, औषध मिळाले आणि सकाळी वॉकर धरून ती दारापर्यंत गेली. जाण्यापूर्वी तिने आम्हांला विचारले, "पायात बळ हाय का, पाह्य बरं आधी." दीड वर्षाच्या धास्तीनंतर हे ऐकून आम्हांला किती बरे वाटले, ते शब्दांत सांगणे कठीण आहे.

वाचकहो, आपल्यापैकी कित्येकांच्या घरी असाच एखादा वाकलेला गुडघा ओट्यावर बसून दिवस मोजत असेल. शस्त्रक्रिया करावी की नाही, हा निर्णय डॉक्टर व रुग्ण यांचा आहे. परंतु केवळ सुईच्या भीतीने ती टाळू नये, आणि सुईच्या भरवशावर गाफीलही राहू नये. औषध काय करते, केव्हा उतरते आणि किती चालते, एवढे माहीत करून घ्यावे. पहिल्या रात्री रुग्णाला एकटे उठू देऊ नये. आणि दुखू लागले तर सांगण्यात कोणताही कमीपणा मानू नये, एवढीच आमची विनंती आहे.